लोणचेवाल्याची ग्रां प्री गाडी

गाडी समुद्रातून आली. तेव्हा दुबईला बंदर म्हणावं असं बंदर नव्हतं. मोठी जहाजं लांब नांगर टाकून उभी राहायची आणि माल बार्जमधून खाडीत यायचा. अमिरात हा देशही अजून व्हायचा होता. मी दाभोळचा. माझगावच्या गोदीत सहा वर्षं फिटर म्हणून काढली आणि मग दुबईच्या देरा भागात एका अरब व्यापाऱ्याच्या गॅरेजला लागलो. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो, म्हणजे मालक. माणूस अंगाने आडवा आणि मनाने हौशी. पाण्याचे पंप, टायर, फ्रिज, जुन्या गाड्या, जे मिळेल ते तो मागवायचा आणि विकायचा.

इंग्लंडात त्याचा एक एजंट होता. त्याला आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नव्हतं. त्याची फक्त पत्रं यायची. ती वाचून दाखवायला अरबाबने एक कारकून ठेवला होता. तो श्रीवर्धनचा, म्हणजे खाडीपलीकडचा का होईना, आमच्याच किनाऱ्याचा. त्या वर्षी एजंटने लिहिलं, एक गाडी विकायला आहे, अतिशय वेगवान, आणि जवळजवळ न वापरलेली. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या होत्या, हे मी आजही सांगेन. अरबाबने पत्र दोनदा वाचून घेतलं.

"वेगवान आणि नवी. मग विकतो कशाला?" त्याने विचारलं.

"लिहिलेलं नाही," कारकून म्हणाला.

"मागव."

दोन महिन्यांनी बार्जवरून एक लांबलचक लाकडी खोकं उतरलं आणि त्याच्यामागोमाग एक गोरा माणूस, हातात पत्र्याची टूलबॉक्स घेऊन. वय पन्नाशीच्या पुढे, नाक उन्हाने आधीच सोललेलं. गाडीबरोबर हाही येणार हे पत्रात कुठेच नव्हतं. त्याने अरबाबशी हात मिळवला आणि सांगितलं, की ही गाडी मी बांधली, हिला माझ्याशिवाय कोणी चालू करू शकत नाही, म्हणून मी आलो. पंधरा दिवस राहीन, तुमच्या माणसाला शिकवीन आणि जाईन. मी त्याला साहेब म्हटलं, तर तो अवघडला. म्हणाला, साहेब नाही, मेकॅनिक. मग मी त्याला मिस्त्री म्हणू लागलो. आमच्याकडे हाताचं काम जाणणाऱ्याला दुसरा शब्द नाही. त्यालाही तो आवडला.

खोकं उघडलं आणि सगळे वाकून आत पाहू लागले. आम्हाला वाटलं होतं, दारं असतील, काचा असतील. आत निघाली एक मोहरीच्या रंगाची लांब काकडी. चार चाकं बाहेर उघडी, छप्पर नाही, दिवे नाहीत, हॉर्न नाही. मधोमध एक भोक आणि त्यात एक सीट. एकच. अरबाबने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"बाकीचे कुठे बसतात?"

"बाकीचे बसत नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"सामान?"

"सामान नसतं."

अरबाबने आपला पायघोळ अरबी झगा, कंदुरा, सावरला आणि आत बसायला पाय टाकला. मांड्यांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आम्ही चौघांनी त्याला ओढून बाहेर काढलं. मिस्त्रीने अगदी गंभीरपणे सांगितलं, की सीट शेवटच्या ड्रायव्हरच्या कमरेच्या मापाने बनवली आहे आणि तो ड्रायव्हर फार बारीक होता. मग गॅरेजमधल्या प्रत्येकाला त्यात बसवून पाहिलं. वेल्डर बसेना, पेंटर बसेना, कारकून बसला पण त्याचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. मी त्या काळी काडीपैलवान होतो. मी आत घसरलो तो पायताणात पाय घालावा तसा.

"ड्रायव्हर," मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. तेव्हापासून तो मला त्याच नावाने हाक मारू लागला. मला तोवर फक्त गॅरेजची पिकअप मागेपुढे करता येत होती.

गाडीबरोबर एक वही आली होती, काळ्या पुठ्ठ्याची. त्यात गाडीचा सगळा इतिहास होता: शर्यतीचं गाव, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात निकाल. मला बोललेलं इंग्रजी कळायचं, पण वाचता यायचं ते गोदीतल्या पाट्यांपुरतं. मी रकाना वाचत खाली गेलो. वरची एक रेघ सोडली तर सगळीकडे एकच शब्द, रिटायर्ड. गोदीत माणूस रिटायर झाला की हार घालायचे, घड्याळ द्यायचे आणि तो गावी जायचा. ही गाडी एका वर्षात चारदा रिटायर झाली होती आणि दर वेळी पुन्हा कामावर रुजू झाली होती.

मी हे मिस्त्रीला विचारलं. त्याने टूलबॉक्सवर बैठक मारली आणि सगळं सांगितलं.

इंग्लंडात एक लोणची आणि सॉस बनवणारा कारखानदार होता. त्याला एकदा वाटलं, इटलीवाल्यांना ग्रां प्रीच्या मोटार शर्यतींमध्ये हरवावं. का वाटलं, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्याने पैसे दिले आणि कारखान्यामागच्या शेडमध्ये मिस्त्रीने दोन माणसं हाताशी घेऊन गाडी बांधली. इंजिन दीड लिटरचं, पण आठ सिलिंडरचं. एकेक पिस्टन चहाच्या पेल्याएवढा. कागदावर या गाडीसारखी गाडी जगात नव्हती, असं मिस्त्री म्हणायचा.

पहिल्या शर्यतीला गाडी पोचलीच नाही, तिला नेणारा ट्रक वाटेत बंद पडला. तिथे निकालाच्या रकान्यात नुसती रेघ होती. दुसऱ्या शर्यतीत झेंडा पडला आणि स्टार्टर चालेना. मिस्त्रीने आणि त्याच्या माणसांनी धक्का मारला, गाडी सुटली, पण धक्का मारणं नियमात बसत नव्हतं. दोन फेऱ्यांनी काळा झेंडा दाखवून बाहेर काढली, वहीत मात्र तेही रिटायर्डच लिहिलं. तिसऱ्यात तेलाची नळी फुटली. चौथ्यात गियर अडकला, तो नेमका रिव्हर्समध्ये. पाचव्या शर्यतीत मात्र गाडी शेवटच्या फेरीपर्यंत धावली, सगळ्यांच्या मागे का होईना. आणि शेवटच्या वळणावर पेट्रोल संपलं.

"हिशेब कोणी केला होता?" मी विचारलं.

"मी," मिस्त्री सोललेलं नाक चोळत म्हणाला.

त्यानंतर ग्रां प्रीचे नियमच बदलले, मोठी इंजिनं आली आणि दीड लिटरवाल्या गाड्या एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या. लोणचेवाल्याने पुन्हा लोणच्यात लक्ष घातलं. मिस्त्रीला त्याने बाटल्यांची झाकणं बसवायच्या मशीनवर काम देऊ केलं होतं. मिस्त्री ते सोडून गाडीबरोबर आमच्याकडे आला.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. गाडी चालू व्हायची तेव्हा आवाज असा, की शेजारच्या मशिदीतून निरोप आला, नमाजाच्या वेळा सोडून चालवा. पण चालवायची कुठे? देऱ्यात डांबरी रस्ता होता तो अगदी थोडासा, आणि त्यावर माणसं, गाढवं, हातगाड्या. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. एखादा खरबुजाचा तुकडा पडलेला असला तरी अडायची. अरबाब मात्र रोज सूकमध्ये, म्हणजे बाजारात, मित्रांना सांगत फिरत होता, की माझ्याकडे अशी गाडी आहे जी वाऱ्याला मागे टाकते. शेवटी एक मसाल्याचा व्यापारी हसून म्हणाला, "शारजाच्या जीपला मागे टाक. मग बोल."

देरा ते शारजा तेव्हा रस्ता नव्हता. खाऱ्या मातीच्या सपाटीवरून आणि वाळूतून चाकांच्या खुणा जायच्या, त्याच वाटा. त्यांवरून एक बलुची ड्रायव्हर सवाऱ्यांची जीप चालवायचा. रोज तीच वाट, सात सवाऱ्या भरल्या की निघायचा. अरबाबने शब्द दिला, जुम्याच्या आदल्या दिवशी सकाळी माझी गाडी त्या जीपच्या आधी शारजाला पोचेल.

मी मिस्त्रीला म्हटलं, "वाळूत ही चालेल?"

"वाळूत कधीच रिटायर झालेली नाही," तो म्हणाला.

त्या सकाळी अरबाब आणि मिस्त्री मोठ्या गाडीने पुढे शारजाला गेले. गावाच्या तोंडाशी चुन्याची पांढरी रेघ मारून ते उभे राहणार होते. मी देऱ्याच्या स्टँडवर गाडीत बसलो, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, डोक्याला पंचा. आमच्या माणसांनी धक्का मारून इंजिन चालू केलं. जीप बाजूलाच उभी होती. आणि तिथे लक्षात आलं, की जीपवाल्याला शर्यतीचं कोणी सांगितलेलंच नाही.

"कधी निघणार?" कारकुनाने त्याला विचारलं.

"सात सवाऱ्या झाल्या की. आता सहा आहेत."

सातवी सवारी येईना. माझी गाडी उभी राहण्यासाठी बनवलेली नव्हती. तापमानाचा काटा हळूहळू वर चढायला लागला, मांडीला ऊब लागू लागली. बंद करावी तर पुन्हा चालू होईल याची खात्री नाही. मी ओरडून कारकुनाला म्हटलं, "भाय, काहीतरी कर!" त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच जीपमध्ये चढून बसला. त्याचं शारजाला काही काम नव्हतं. हातात ऑफिसची फाइल तेवढी होती.

"यल्ला," जीपवाला म्हणाला आणि निघाला.

मी क्लच सोडला. पुढचे काही क्षण मला आठवतच नाहीत. आठवतं ते हे, की घरं संपली होती, समोर पांढरी सपाटी होती, फरशीसारखी टणक, आणि जीप आरशात माशीएवढी दिसत होती. वाऱ्याने गाल मागे ओढले जात होते. मी मोठ्याने कलमा म्हणत होतो, पण मलाच ऐकू येत नव्हता. भीती वाटली का? वाटली. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, लहान मुलाला झोपाळ्यावर होतं तसं. दोन-तीन मैल मी जगातला सर्वांत वेगवान दाभोळकर होतो.

मग जमिनीचा रंग थोडा बदलला. मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. जीपवाल्याला होता, त्याच्या रोजच्या चाकांच्या खुणा तिथून डावीकडे वळत होत्या. मी सरळ गेलो. गाडीने नाक वाळूत घातलं, मागची चाकं गरगरली आणि ती पोटापर्यंत खाली बसली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

जीप आली ती तिच्या नेहमीच्या चालीने. जीपवाल्याने मला पाहिलं आणि गाडी थांबवली. कारकून आतून ओरडला, "थांबू नका, ही शर्यत आहे! तुम्ही पुढे जायचंय!"

"कसली शर्यत?"

"याची आणि तुमची!"

जीपवाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की कारकुनाने फाइल छातीशी धरली. "वाळूत रुतलेला माणूस टाकून जायचं? हे कुठे शिकलास?" तो म्हणाला. मग सगळ्या सवाऱ्यांना खाली उतरवलं. दोन मासेवाले, वाळवंटातला एक म्हातारा बदू त्याच्या शेळीसकट, एक दर्जी, एक मौलवी, एक ओमानी मजूर आणि आमचा कारकून, इतक्यांनी मिळून ती गाडी हातांनी उचलून बाहेर काढली. म्हातारा बदू चाकाला टिचकी मारून म्हणाला, "ही कुठल्या विमानाची?" कार्बुरेटरमध्ये वाळू गेली होती, त्यामुळे चालू होणं शक्य नव्हतं. जीपवाल्याने दोर काढला.

"मला देऱ्याला परत न्या," मी म्हटलं.

"मी शारजाला चाललोय," तो म्हणाला. हे खरंच होतं.

तर असा मी शारजाला निघालो, जीपच्या मागे, दोराला बांधलेला. तोंडात धूळ. शेळी मागे तोंड करून उभी होती, ती संपूर्ण वाट माझ्याकडे पाहत राहिली. वाटेत जीपवाल्याने एका सवारीला उतरवलं आणि एकदा पाणी प्यायला थांबला. मलाही दिलं. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो आणि मनात एकच विचार, मिस्त्रीला तोंड कसं दाखवू?

शारजाच्या तोंडाशी अरबाब छत्री घेऊन उभा होता, मसाल्याचा व्यापारीही आला होता, आणि मिस्त्री एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात ती काळी वही घेऊन. त्यांना आधी जीप दिसली. मसालेवाला हसायला लागला. मग दोर दिसला. मग मी. जीपने चुन्याची रेघ ओलांडली, आणि पाचेक हात मागून माझ्या गाडीनेही ओलांडली.

मिस्त्री रेघेपाशी गुडघ्यांवर बसला. चाकांच्या खुणा रेघेवरून गेल्या आहेत की नाही ते त्याने बोट लावून पाहिलं. मग त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मी गाडीतून बाहेर येऊन त्याच्याजवळ गेलो.

"मिस्त्री, माफ करा. रुतली."

तो रडत होता. म्हणाला, "ड्रायव्हर, शी फिनिश्ड." त्याने वही उघडली, पेन काढलं, आणि शेवटच्या रकान्यात पहिल्यांदाच वेगळा शब्द लिहिला, फिनिश्ड, म्हणजे शर्यत पुरी केली. त्यापुढे लिहिलं, दुसरी.

"पण ओढून आणली!" मसालेवाला ओरडला. "हे कुठे चालतं?"

"युरोपात नाही चालत," मिस्त्रीने डोळे पुसत कबूल केलं. "इथले नियम कुठे लिहिलेत, दाखवा."

नियम कोणाकडेच नव्हते. अरबाबने थोडा विचार केला. "इंग्लंडात हिचा नंबर कितवा यायचा?" त्याने विचारलं.

"यायचाच नाही."

"आणि माझ्याकडे आल्यावर दुसरा?" अरबाबचा चेहरा उजळला. त्याने मला मिठी मारली, मिस्त्रीला मारली, मनगटावरचं घड्याळ काढून जीपवाल्याच्या हातात दिलं. पहिला आलास म्हणून. जीपवाला घड्याळ उलटंसुलटं करून पाहत राहिला. "मला कशाला?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "खलास, मला परतीच्या सवाऱ्या बघू द्या."

मिस्त्री पुढच्या आठवड्यात जहाजावर चढला. आता झाकणांच्या मशीनवर सुखाने काम करीन, म्हणाला. वही त्याने बरोबर नेली. अरबाबला विचारून नेली, आणि नेताना शर्टाच्या आत, पोटाशी धरून.

तो गेल्यावर अरबाबचं मन गाडीवरून उडालं. एकदा त्याने इंजिन पाण्याच्या पंपाला लावायला सांगितलं. ते इतक्या वेगाने फिरलं, की पंपाचं पातं पत्रा फाडून बाहेर गेलं आणि शेजारच्या गोदामाच्या भिंतीत रुतलं. त्या संध्याकाळी अरबाब म्हणाला, "ही तू घे. बसतोस तूच, मग तुझीच." मी नको नको म्हणत होतो. आम्ही आठ जण एका खोलीत राहत होतो, माझी जागा म्हणजे एक चटई आणि एक खिळा. आणि मी एका ग्रां प्री गाडीचा मालक झालो.

मी घरी पत्रात एक ओळ लिहिली, मालकाने गाडी दिली. ती ओळ लिहायला नको होती. पंधरा दिवसांत दाभोळभर झालं. सासऱ्यांनी विचारलं, कधी आणतोस? मावशीने तिच्या मुलीच्या लग्नात नवरदेवासाठी ती आधीच मागून ठेवली. मग मी खुलासा केला, की तिला दारं नाहीत, छप्पर नाही, आणि ती एकाच माणसाची आहे. बायको सातवी शिकलेली, तिचं अक्षर माझ्याहून चांगलं. तिचं उत्तर चार ओळींचं होतं. सलाम, सगळे खुशाल. आणि मग, "एकट्या माणसाची गाडी घ्यायला तुम्हाला सुचलं कसं? लग्नाला चार वर्षं झाली, त्यातले तुम्ही इथे किती दिवस होता ते मोजा."

मी मोजले. आकडा सांगत नाही. पत्र खिशात घेऊन दोन दिवस फिरलो, कामात लक्ष लागेना.

देऱ्यात एक उघड्यावरचं सिनेमा थेटर होतं. वर आकाश, खाली बाक. त्याच्या मालकाला दारात काहीतरी दिखाऊ पाहिजे होतं, गर्दी खेचायला. तो गाडी विकत घ्यायला आला तेव्हा मी म्हटलं, गाडी न्या, पण मला थेटरमागची खोली द्या, ज्यात तुम्ही मोडके बाक ठेवता. त्याने मला वेड्यात काढलं आणि लगेच किल्ली दिली. मी बाक बाहेर काढले, भिंतींना चुना मारला, चूल मांडली. त्या हिवाळ्यात बायको मुंबईहून जहाजाने आली. खाडीत उतरली तेव्हा तिच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्यात तांदळाच्या पापडांचं गाठोडं.

त्या खोलीत आम्ही सहा वर्षं राहिलो. रोज भिंतीपलीकडे सिनेमा चालायचा, चित्र दिसायचं नाही, फक्त ऐकू यायचं. बायकोला सगळे संवाद पाठ झाले होते. बोलणाऱ्यांचे चेहरे तिने स्वतःच ठरवले होते. दोन्ही मुली तिथेच झाल्या. गाडी दारात उभी असायची. लोक तिला टेकून तिकिटाची वाट बघायचे. दिवसा थेटर बंद असलं की बायको सुरमईच्या तुकड्यांना मीठ लावून ते गाडीच्या लांब नाकावर वाळत घालायची. ॲल्युमिनियम उन्हात चांगलं तापायचं, मासा दोन दिवसांत कडक व्हायचा. थेटरमालक कुरकुरायचा, कारण रात्रीच्या शोला वास यायचा. ती म्हणायची, गाडी आम्ही दिली आहे, वास पण आमचाच.

एका वर्षी आम्ही दोन महिने गावी गेलो. परत आलो तेव्हा थेटरला पक्कं छप्पर घालायचं काम चाललं होतं आणि दारातली जागा मोकळी होती. कंत्राटदाराने भंगारवाल्याला बोलावून गाडी उचलून दिली होती. कोणता भंगारवाला, कुठे गेला, कोणाला सांगता येईना. मला वाईट वाटायला हवं होतं. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. बायको मात्र संतापली. ट्रंक तिथेच आपटून ती थेटरमालकाच्या ऑफिसात शिरली आणि तिने त्याला मराठीत असं काही सुनावलं, की त्याला शब्द कळला नाही पण दुसऱ्याच दिवशी त्याने आमच्या खोलीच्या गच्चीवर मासे वाळवायला तिच्यासाठी एक पत्रा टाकून दिला. पत्रा लोखंडी होता. माशाला गंज लागायचा, आणि ती महिनाभर तक्रार करत होती.